‘दात कशाने घासता?’ : एका प्रश्नाचा इतिहास

गरोदर बाईने पालिकेच्या दवाखान्यात नाव घातले की तिला विचारायच्या प्रश्नांची यादी ठरलेली असते. शेवटची पाळी केव्हा आली, हे कितवे बाळंतपण, आधीचे मूल किती वजनाचे होते, पायांवर सूज येते का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. मग वजन, रक्तदाब आणि रक्ताची तपासणी. दातांविषयी प्रश्न आलाच तर शेवटी, तोही दात दुखत असेल तर. तिच्या नवऱ्याला तर बहुधा कोणी काही विचारतच नाही.

आमच्या मते, निदान महाराष्ट्रात तरी, या यादीत अगदी वर एक प्रश्न असायला हवा : दात कशाने घासता? या प्रश्नामागे मुंबईत झालेल्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा इतिहास आहे. तो शिक्षकांना ठाऊक असावा, कारण वर्गातल्या मुलांच्या घरांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या साकीनाक्याचे उदाहरण घेऊ. २०१४ पासून येथे मेट्रोचे स्थानक आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामे, छोटी वर्कशॉप आणि त्यांना लागून चाळी व झोपडवस्त्या. पोटासाठी कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेली माणसे येथे शेजारी शेजारी राहतात. गावाहून येताना माणूस आपली बोली आणतो, जेवणाची चव आणतो, तशी दात घासण्याची पद्धतही आणतो. कोणी कडुनिंबाची काडी शोधतो, कोणी राखुंडी वापरतो, कोणी पेस्ट, तर कोणी मशेरी.

मशेरी म्हणजे काय?

काळ्या तंबाखूची पाने तव्यावर किंवा पत्र्यावर करपेपर्यंत भाजायची आणि त्यांची पूड करायची, ही मशेरी. काही ठिकाणी तिला मिसरी किंवा मिश्री म्हणतात. तर्जनीवर चिमूटभर पूड घेऊन ती दातांवर व हिरड्यांवर चोळतात. सुरुवात सकाळी दात घासण्यापासून होते. मग दुपारच्या कामानंतर एकदा, रात्री झोपताना एकदा, असे करत ती दिवसातून तीन-चार वेळाही लावली जाते. कित्येक जणी ती तोंडात बराच वेळ तशीच ठेवतात.

लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही, हे येथे नीट लक्षात घेतले पाहिजे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती मनापासून ‘नाही’ म्हणते. तिच्या दृष्टीने ती दात घासते. म्हणूनच प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर अवलंबून राहते. असेच पदार्थ इतर प्रांतांतही आहेत. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये ‘गुल’, छत्तीसगड-ओडिशात ‘गुडाखू’, आपल्याकडे आणि गुजरातेत दातांना लावायची तपकीर. नावे निराळी असली तरी आत तंबाखूच.

तंबाखू दातांवर कशी आली?

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू आणि जडावाचा हुक्का घेऊन गेला. बादशहाने तो ओढून पाहिला आणि दरबारी वैद्यांनी या अनोळखी वनस्पतीबद्दल हरकत घेतली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानाला मनाई केली, पण तिचा फारसा उपयोग झाला नाही.

आपल्याकडे बाभूळ, खैर, करंज, कडुनिंब यांच्या काडीने दात घासण्याची परंपरा फार जुनी आहे. कोळशाची किंवा गोवरीची राखुंडीही सर्वत्र वापरात होती. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड या राखुंडीसारखीच दिसते. शिवाय तिचा एक गुण लगेच जाणवतो. तिच्यातल्या निकोटिनमुळे तरतरी येते, भूक मरते आणि आतड्यांची हालचाल वाढते. दुखरा दातही घटकाभर विसरल्यासारखा होतो. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे बायका सांगतात, ते खोटे नसते. मात्र निकोटिनची सवय लागली की ते मिळाल्याशिवाय शरीर नेहमीच्या कामालाही तयार होत नाही. औषध वाटते ती प्रत्यक्षात बेडी असते.

गरोदरपणात ही बेडी आणखी घट्ट होऊ शकते. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ असते, तोंडाला चव नसते. तेव्हा ‘मशेरीने बरे वाटते’ म्हणून ती जास्त वेळा लावली जाते.

गरोदरपणात दातांचे काय होते?

बाळंतपणाने दात जातात, बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, असा समज घरोघरी आहे. तो जगभर आढळतो. पण दाताची रचना पाहिली तर तो टिकत नाही. हाडात जिवंत पेशी सतत चुन्याची देवघेव करत असतात, त्यामुळे हाडातले कॅल्शियम रक्तात येऊ शकते. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, पेशीही नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. तेथून कॅल्शियम काढून बाळाकडे पाठवण्याची सोयच शरीरात नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून येते आणि ते कमी पडले तर तिच्या हाडांतून.

मग दात बिघडतात ते का? कारणे तीन. गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, त्या सुजतात आणि साचलेल्या जंतूंच्या थराला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतात. घासताना रक्त आले की बाई घासणेच सोडते आणि थर आणखी वाढतो. दुसरे कारण उलट्या. जठरातले आम्ल दातांवर येते आणि एनॅमल मऊ पडते. अशा वेळी लगेच ब्रश न करता पाण्याने, किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने, चूळ भरावी आणि थोड्या वेळाने दात घासावेत. तिसरे कारण म्हणजे थोड्या थोड्या वेळाने काहीतरी गोड खाणे.

‘गरोदरपणी दाताला हात लावू नये’ हा दुसरा समज. तोही चुकीचा आहे. दात साफ करणे, भरणे, गरज पडल्यास काढणे हे गरोदरपणात करता येते. त्यासाठी मधले तीन महिने सोयीचे असतात. डॉक्टरांना दिवस गेल्याचे सांगणे मात्र आवश्यक, कारण काही औषधे टाळावी लागतात. टेट्रासायक्लिन हे त्यांतले एक. ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले आणि पुढच्या दहा वर्षांत लक्षात आले की गरोदरपणात किंवा लहान वयात ते दिले तर मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. बाळाचे दात दिसतात जन्मानंतर सहा महिन्यांनी, पण त्यांच्या कळ्या गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतात. चौथ्या महिन्यापासून त्यांच्यात चुना भरू लागतो.

भौतिकशास्त्राच्या संस्थेत दातांचे संशोधन

आता मशेरीच्या इतिहासाकडे वळू. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्याला अणुविज्ञान आणि गणित यांसाठी माहीत आहे. १९६०च्या दशकात याच संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा एक विभाग उभा केला. तोंडाचा कर्करोग भारतात एवढा जास्त का, याचा शोध घेणे हे त्याचे काम. कोपनहेगनचे तज्ज्ञ पिंडबोर्ग यांचेही त्याला साहाय्य होते. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट पाहायची नाही, दंतवैद्यांनी गावोगाव जाऊन निरोगी माणसांची तोंडे तपासायची, अशी ही पद्धत होती.

पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाला तंबाखूच्या सवयीविषयी विचारले होते आणि त्यात मशेरीची वेगळी नोंद होती. ही मुख्यतः स्त्रियांची सवय आहे आणि ती फार पसरलेली आहे, हे त्यामुळे आकड्यांत दिसले. घराघरात उघडपणे चालणारी गोष्ट शास्त्राच्या नजरेला प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर पडली. कारण साधे होते. कोणीतरी ‘दात कशाने घासता?’ असे विचारले होते.

पुढे १९८०च्या दशकात मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. तंबाखू भाजल्याने तिच्यातला दोष जळून जातो असा लोकांचा विश्वास होता. प्रत्यक्षात भाजण्याने कर्करोगकारक संयुगांत भरच पडते. मशेरीच्या अर्काने प्रयोगातल्या प्राण्यांत गाठी निर्माण झाल्या.

कायदा आला, पण तव्यापर्यंत पोचला नाही

त्या काळात बाजारात तंबाखू घातलेल्या दंतमंजन पावडरी आणि पेस्टही मिळत. ३० एप्रिल १९९२ रोजी केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात बंदी कायम ठेवली.

बंदी महत्त्वाची होती, पण तिची मर्यादाही पाहू. कायदा कारखान्यात तयार होणाऱ्या मंजनाला लागू होतो. बाजारातून तंबाखूचे पान आणून घरच्या तव्यावर भाजले, तर ते कोणत्या कायद्यात बसवणार? २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, तिच्याबाबतही हेच म्हणता येते. मशेरी घरात तयार होते आणि ती थांबली तर घरातच थांबेल. तेथे निरीक्षक उपयोगी नाही, बोलणे उपयोगी आहे.

एक लाख मुंबईकर आणि १,२१७ गरोदर स्त्रिया

मशेरी खेड्यातली, शहरात आल्यावर सुटत असेल, असे कोणाला वाटेल. टाटा संस्थेतले प्रकाश गुप्ता यांनी १९९२ ते १९९४ या काळात मुंबई शहरात पाहणी केली. मतदारयाद्या घेऊन कार्यकर्ते घरोघरी गेले आणि ३५ वर्षांवरील ९९,५९८ व्यक्तींची माहिती त्यांनी हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांवर नोंदवली. त्या काळात ही नवलाईची गोष्ट होती. पाहणीत ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. स्त्रियांमध्ये धूम्रपान जवळजवळ नव्हतेच. त्यांची तंबाखू तोंडावाटे जाणारी होती आणि तिच्यात मशेरीचे प्रमाण मोठे होते.

आता स्वाभाविक प्रश्न असा की, या स्त्रियांच्या बाळांचे काय होत असेल? सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे हलकी जन्मतात हे पाश्चात्त्य देशांत १९५०च्या दशकापासून माहीत होते. पण तेथे दोष धुराचा, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडचा, असे म्हणता येत होते. मशेरीत धूर नाही.

याचे उत्तर मुंबईतूनच आले. शहरातल्या आठ आरोग्य केंद्रांच्या परिसरात घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी १,१६७ जणींचा, म्हणजे ९६ टक्क्यांचा, प्रसूतीपर्यंत मागोवा घेण्यात आला. भाड्याच्या खोल्या बदलणारी कुटुंबे आणि बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत लक्षात घेता ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांच्यापैकी १७ टक्के, म्हणजे साधारण सहांपैकी एक, धूरविरहित तंबाखू वापरणारी होती. बहुतेकींची ती तंबाखू म्हणजे मशेरीच होती.

गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी हे निष्कर्ष २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी होती आणि ती सरासरीने ६.२ दिवस आधी जन्मली. वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, आईचे वजन, रक्तक्षय, गरोदरपणातली तपासणी या सर्व गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरला. त्याच अभ्यासावर आधारलेला दुसरा लेख २००६ मध्ये आला. तंबाखू वापरणाऱ्यांत मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण ८.९ टक्के आणि न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के होते. दिवसातून जितक्या जास्त वेळा वापर, तितका धोका जास्त.

१०५ ग्रॅम म्हणजे किती, असे विद्यार्थी विचारतील. अडीच किलोच्या बाळात ते चार टक्क्यांच्या आसपास भरते. पण सरासरीचा अर्थ वेगळा लावावा लागतो. अडीच किलोच्या खालचे बाळ ‘कमी वजनाचे’ मानतात. आपल्याकडे पुष्कळ बाळे या रेषेच्या जरा वर असतात. संपूर्ण गट १०५ ग्रॅमने खाली सरकला की रेषेजवळची कितीतरी बाळे पलीकडे जातात. या अभ्यासात कमी वजनाच्या बाळाची शक्यता १.६ पट आढळली, ती यामुळेच.

असे का होते? तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून निकोटिन थेट रक्तात जाते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ते वार ओलांडून गर्भापर्यंतही पोचते. म्हणजे धूर नसला तरी बाळाचा पुरवठा आखडतोच.

एक सावधगिरी

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. हिरड्यांच्या आजाराचा आणि मुदतीपूर्वी प्रसूतीचा संबंध असावा, असे अमेरिकेत १९९६ मध्ये ऑफेनबाखर यांनी सुचवले. त्यामुळे हिरड्यांवर उपचार केले की बाळे वेळेवर जन्मतील, अशी आशा निर्माण झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ८२३ स्त्रियांवरील चाचणीचे निकाल आले. उपचार सुरक्षित होते, हिरड्या सुधारल्या, पण मुदतीपूर्वी प्रसूतीचे प्रमाण कमी झाले नाही. तेव्हा दात साफ करून घेतले की बाळ वजनदार होईल, असे आश्वासन कोणाला देऊ नये. दातांची काळजी आईच्या स्वतःच्या आरोग्यासाठी घ्यायची. मशेरी सोडायची ती आईसाठी आणि बाळासाठीही.

सल्ला कोणाला?

एकट्या सुनेला सल्ला देऊन हे काम होत नाही. मशेरी बहुधा सासू किंवा आईच भाजते. तंबाखू दुकानातून आणतो नवरा. तो स्वतः तंबाखू मळत असेल तर ‘तू सोड’ म्हणण्याचा त्याला अधिकार उरत नाही. म्हणून समुपदेशनाला दोघांनी यावे आणि घरातल्या मोठ्या बाईलाही बोलवावे, असा आमचा आग्रह आहे.

दोघांना बोलावण्याचे दुसरे कारण बाळाच्या दातांशी निगडित आहे. दात किडणे हे जंतूंमुळे होते आणि ते जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे पॉल कीज यांनी १९६० मध्ये हॅमस्टरवरील प्रयोगांतून दाखवले. माणसात हे जंतू बाळाला बहुतेक वेळा आईकडून किंवा घरातल्या माणसांकडून मिळतात. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात आईच्या तोंडातले हे जंतू आधीच कमी केले, तेव्हा मुलांना ते उशिरा लागले आणि दातही कमी किडले. तेव्हा बाळाचे दात सांभाळण्याची सुरुवात आई-वडिलांच्या तोंडापासून होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केली की प्रत्येक गरोदर स्त्रीला शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी तंबाखूविषयी विचारावे. आपल्याकडे २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. साकीनाक्यासारख्या भागात घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका आहेत. व्यवस्था आहे, त्यात हा एक प्रश्न घालायचा आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.

चित्र बदलू शकते याचा पुरावाही आहे. २००९-१० मध्ये महाराष्ट्रात ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले.

वर्गात काय करता येईल?

एक, मुलांकडून गुप्त चिठ्ठ्या भरून घ्याव्यात : ‘आमच्या घरात दात कशाकशाने घासतात?’ नाव लिहायचे नाही. मिळालेल्या उत्तरांचा स्तंभालेख काढावा. पेस्ट, पावडर, काडी, राखुंडी, मशेरी, गुल, तपकीर असे रकाने आधीच फळ्यावर लिहिले तर लाजेने काही सुटणार नाही.

दोन, अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून आम्लाने चुना कसा विरघळतो ते दाखवावे.

तीन, नववी-दहावीच्या वर्गात १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासावर चर्चा करावी. पाठपुरावा ९६ ऐवजी ५० टक्केच झाला असता तर निष्कर्षावर विश्वास ठेवता आला असता का? आर्थिक स्थितीचा हिशेब वेगळा का काढावा लागला?

एक पथ्य मात्र पाळावे. मुलांना आईवर पाळत ठेवायला सांगू नये, किंवा मशेरी लावणारी बाई अडाणी असे वर्गात म्हणू नये. तिला ही सवय दातांची काळजी म्हणूनच शिकवली गेली होती. रागावले की ती लपवेल. लपवलेली सवय ना डॉक्टरला दिसते, ना संशोधकाला. पालकसभेला जमलेल्या आई-वडिलांत एखादे जोडपे बाळाची वाट पाहणारे असतेच. त्यांच्याशी बोलायला सुरुवात करताना उपदेश नको, साधा प्रश्न पुरे : तुमच्याकडे दात कशाने घासतात?